मागच्या धारेचे फूल

शके अठराशे सदतीसच्या पौषात माझे चुलते, सिरसाळ्याचे वैद्य उत्तरेश्वरशास्त्री, यांनी मोमिनाबादेच्या सरकारी दवाखान्याच्या ओसरीवर, पंचवीसतीस माणसांच्या देखत, आपल्या खांद्यावरची औषधांची झोळी पणाला लावली. अंबाजोगाईला सरकारी कागदांत तेव्हा मोमिनाबाद म्हणत. मी त्या वेळी तिशीत होतो, तेथील पाठशाळेत व्याकरण शिकवीत असे, आणि काका गावात आले की त्यांच्या सोबत राहत असे. पुढे जे घडले ते त्यामुळे मी ऐकलेले नाही, पाहिलेले आहे. आणि ते लिहिताना आज ऐंशीच्या उंबरठ्यावरही माझी मान ताठ होते.

त्या दिवशी काकांनी दिंद्रुडच्या भिवराबाई नावाच्या एका कुणबी बाईला बैलगाडीतून दवाखान्यात आणले होते. तिच्या दोन दाढा मुळापासून कुजल्या होत्या आणि हिरड्यांतून पू येत होता. काकांचा स्वभाव असा की जे आपल्या हाताबाहेरचे आहे ते आपल्या हाताबाहेरचे आहे, हे सांगताना त्यांची जीभ कधी अडखळली नाही. दाढ उपटण्याचे काम शस्त्राचे, आणि ते शस्त्र डॉक्टर मुनीरुद्दीन यांच्या हाती शोभते, असे ते म्हणत. हैदराबादेहून आलेले हे डॉक्टर सहा वर्षांत मराठी बोलू लागले होते, मात्र त्यांच्या मराठीला उर्दूचा सुगंध कायम राहिला.

डॉक्टरांनी एक दाढ काढली. काढण्यापूर्वी आणि काढल्यानंतर त्यांनी भिवराबाईला एका पाण्याच्या चुळा भरायला लावल्या. त्या पाण्याला ओव्याचा उग्र वास होता. काकांच्या नाकाने तो तत्काळ ओळखला.

"ओवा?" काका म्हणाले.

"ओव्याचा जीव म्हणा, शास्त्रीजी," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी तपकिरी काचेची एक बाटली उजेडाकडे धरली. तळाशी खडीसाखरेसारखे पाचसात पांढरे खडे होते. "इंग्रजी किताबात याला थायमॉल म्हणतात. बाजारात ओव्याचे फूल. माणसाचं तोंड म्हणजे अंगातली सर्वांत गलीज गल्ली. तिथे लोखंड घालायचं तर आधी ही गल्ली झाडून घ्यावी लागते. कार्बोलिक त्याच खानदानातलं, मगर तोंड भाजून काढतं. लाल दवा, म्हणजे परमँगनेट, अन्नाचा कण लागला की तिथेच खर्च होऊन जाते. हे मात्र हजार भाग पाण्यात एकच भाग विरघळतं, आणि तेवढ्यानेही सडणं थांबतं. तोंड भाजत नाही, उलट जरा बधिर होतं."

"मग उरलेली दाढ कधी काढता?"

डॉक्टरांनी बाटली हलवली. "शिवरात्रीच्या सुमारास या. तोवर सूज उतरेल. पण ही बाटली त्याआधीच संपणार. जर्मनीचा माल लढाईपासून बंद आहे." मग ते थोडे हसले. त्या हसण्यात उपहास नव्हता, खंत होती. "गंमत पाहा, ओवा तुमचाच. सिरसाळ्याच्या बाजारातून पोती मुंबईला जातात, मुंबईहून जहाजाने तिकडे. फूल तिकडे निघतं. इथे नाही निघत."

ओसरीवरची माणसे ऐकत होती. काकांनी झोळी खांद्यावरून काढली आणि दोन्ही हातांवर घेतली. ती झोळी त्यांच्या वडिलांची, म्हणजे माझ्या आजोबांची.

"डॉक्टरसाहेब, महाशिवरात्रीच्या दिवशी मी एक तोळा ओव्याचे फूल आपल्या टेबलावर ठेवीन. ते आपल्या किताबातल्या प्रत्येक कसोटीला उतरेल. नाही उतरले, तर ही झोळी आपल्यापाशी राहील आणि मी पुन्हा कोणाची नाडी धरणार नाही."

"शास्त्रीजी, ऐसा मत कहिये," डॉक्टर घाईने म्हणाले. पण शब्द सुटला होता आणि त्याला साक्षीदार होते.

सिरसाळ्यात ओव्याचे मोठे व्यापारी म्हणजे विरुपाक्षअप्पा. लिंगायत, शिवभक्त, आणि गावात सर्वांत तिखट जिभेचे. त्यांच्या वखारीच्या मागे प्रशस्त अंगण होते, विहीर होती, आणि नव्या ओव्याची रास नुकतीच येऊन पडली होती. काकांनी तेथेच भट्टी मांडण्याची परवानगी मागितली.

"मांडा की," अप्पा म्हणाले. "पर शास्त्रीबुवा, म्या ऐकलं ते खरं हाय का? झोळी लावून आलाव म्हणं."

"खरे आहे."

"आन् कावून? तुमची झोळी गेली तर माझ्या पोटदुखीला कोन हाय? त्या डाक्टरकडं गेलतो एकदा, जीभ दाखव म्हनला. माझी जीभ अख्ख्या बाजारानं बघितली हाय, त्याला काय नवी दाखवायची?"

अप्पांची थोरली बहीण गंगासागर लहान वयात विधवा होऊन माहेरी आली होती आणि गेली पंचवीस वर्षे त्या घराची चूल, गोठा व वखार तिच्या नजरेखाली चालत होती. सारा गाव तिला अक्का म्हणे.  तिने तांब्याचा मोठा हंडा विहिरीवर नेऊन चिंचेने घासला आणि काकांच्या पुढे ठेवला.

अर्क काढण्याची आमची रीत जुनी आहे. हंड्यात कुटलेला ओवा व पाणी घालायचे, वर झाकण ठेवून सांधा उडदाच्या पिठाने लिंपायचा, झाकणातून बांबूची नळी काढून ती थंड पाण्यात ठेवलेल्या कल्हईच्या घागरीत सोडायची. खाली मंद विस्तव. वाफ नळीतून जाते, गार होते आणि घागरीत उतरते; पाण्यावर तेलाचा तवंग धरतो. वैद्यांच्या परंपरेत अर्काची पहिली धार उत्तम मानतात, दुसरी मध्यम, आणि त्यानंतरची टाकाऊ. काका पहिली धार तेवढी ठेवत, तिच्यावरचे तेल पिसाने टिपून बाटलीत घेत, आणि मग विस्तव तसाच चालू ठेवून मागचे पाणी अक्कांना देत. ओव्याचे पाणी गुरांच्या पोटफुगीवर चांगले, म्हणून अक्का ते गोठ्यातल्या दगडी कुंडीत ओतत असे.

पाठशाळेतून रजा काढून मी सिरसाळ्यालाच राहिलो होतो. बारा दिवसांत बाटली अर्धी भरली. तेल पिवळसर, पातळ, सुवासिक. काकांनी ती बाटली पहाटेच्या गारठ्यात अंगणात ठेवली, विहिरीच्या पाण्यात सोडून पाहिली, ओल्या वाळूत पुरून पाहिली. तेल तेलच राहिले. एक कणसुद्धा गोठला नाही.

"शास्त्रीबुवा," अप्पा पोत्यावर बसून म्हणाले, "माझा ओवा निम्मा वाफंवर गेला. फूल तर सोडा, कळीबी न्हाई."

 काकांनी स्नान केले, संध्या केली आणि पुन्हा विस्तव पेटवला.  जेवणाच्या वेळी त्यांचा हात सवयीने उजव्या खांद्याकडे जाई, झोळीचा पट्टा चाचपे आणि खाली येई.

तेराव्या दिवशी अक्का गोठ्यातून सरळ भट्टीपाशी आली. तिच्या हातांना कडब्याचा भुसा लागलेला होता.

"शास्त्रीबुवा, रागावू नगा. एक इचारू?"

"विचारा, अक्का."

"तुमी पयली धार ठिवता, आन् मागची मला देता. ते कावून?"

"पहिली धार उत्तम असते. वास तिच्यात असतो. गुलाब घ्या, केवडा घ्या, पहिल्या धारेनंतर उरते ते नुसते पाणी."

"गुलाबाचं ठीक हाय," अक्का म्हणाली. "गुलाबाचा जीव हलका, आधी उडतो. पर ओवा काय गुलाब हाय व्हय? आमच्या तांबड्या बैलाच्या तोंडात लाळ्याचे फोड आलते. चार दिस कडब्याला तोंड लावत न्हवता. कुंडीतलं तुमचं पाणी पेला, पुन्यांदा पेला, आन् आज बघा, वैरन वढून खातोय. फोड वाळले. बाजूच्या गोठ्यात ते पाणी दिलं न्हाई, तिथली जनावरं अजून लाळ गाळतेत. म्हंजी जीव कुन्या पाण्यात गेला?"

अप्पा मोठ्याने हसले. "घ्या! डाक्टरच्या फुलानं आमच्या बैलाचं तोंड धुतलं. निजामाच्या मुलखात एवढं निर्मळ तोंड कुन्या साहेबाचं नसंल बे!"

मी काकांकडे पाहिले. साठी उलटलेला, शास्त्रांत मुरलेला हा पुरुष, ज्याच्यापुढे मोमिनाबादचे पंडित आवाज खाली आणत, तो उठून गोठ्यात गेला. त्याने स्वतःच्या हातांनी बैलाचा जबडा उघडला आणि हिरड्या, जीभ, टाळू निरखून पाहिले. मग कुंडीतल्या पाण्यात बोट बुडवून ते जिभेला लावले. 

"जीभ बधिर झाली," काका बाहेर येऊन म्हणाले. "अक्का, मी बारा दिवस पेंड ठेवली आणि तेल गुरांना घातले."

"पेंडबी वाया जात न्हाई," अक्का म्हणाली. "चला, हंडा भरते."

त्या दिवसापासून दोन्ही धारा वेगळ्या ठेवल्या गेल्या. अक्काने आपल्या रीतीने परीक्षाही घेतली. दुधाच्या दोन वाट्या भरल्या. एकीत पहिल्या धारेचे तेल चार थेंब, दुसरीत मागच्या धारेचे चार थेंब. दुसऱ्या दिवशी पहिली वाटी नासली. दुसरीतले दूध तिसऱ्या दिवशीही जसेच्या तसे. मागच्या धारेचे तेल जड होते, गडद होते, आणि त्याचा वास नाकापेक्षा घशाला आधी कळे. काकांनी त्याचा अर्थ मला असा सांगितला: ओव्यात दोन प्रकारची द्रव्ये नांदतात. एक चंचल, ते वाफेबरोबर आधी निघते. दुसरे स्थिर, ते विस्तव पुरेसा वेळ लागल्यावर उतरते; आणि गुण त्या स्थिराचा आहे.

तरीही मागच्या तेलात चंचलाचा अंश मिसळलेला होताच, आणि तो गोठू देत नव्हता. त्यांना वेगळे कसे करावे, हा प्रश्न घेऊन मी डॉक्टरांकडे गेलो. माझा प्रश्न ऐकून त्यांनी जाडजूड ग्रंथ उघडला आणि मनापासून समजावून दिले. "पंडितजी, हे द्रव्य दिसायला तेल, मगर मिजाज थोडा तेजाबाचा, म्हणजे आम्लाचा. तीव्र क्षाराच्या पाण्यात घुसळलं की क्षार त्याला धरून ठेवतो. बाकीचं तेल क्षाराशी बोलत नाही, वर तरंगतं, ते काढून फेका. मग त्या पाण्यात काही आंबट घाला. आंबट क्षाराला ओढून घेतं आणि फूल सुटं होतं. पण तसा क्षार आणि तसं तेजाब माझ्याकडे मापून येतं, तुम्हाला देता येणार नाही."

हे मी काकांना सांगितले तेव्हा गेल्या पंधरवड्यात प्रथमच त्यांच्या चेहऱ्यावर तेज आले.

"क्षार?" ते म्हणाले. "मूळव्याधीवर आणि भगंदरावर आपले पूर्वज जो क्षार लावीत, तो काय हैदराबादेहून मापून येत होता? आघाड्याची राख सहापट पाण्यात कालवावी, एकवीस वेळा गाळावी, त्यात भाजून पाण्यात विरवलेली चुनखडी घालावी, आटवावे. राखेचा मृदू क्षार चुन्याने तीक्ष्ण होतो. हे मी वडिलांच्या मांडीवर बसून शिकलो आहे."

त्यांच्या त्या वाक्यात जो अभिमान होता तो पोकळ नव्हता. तीन दिवसांत क्षार तयार झाला. त्यात कोंबडीचे पीस बुडवले तर विरघळून जाई, ही त्याची कसोटी. चिनी मातीच्या बरणीत तेल आणि क्षार घालून आम्ही आळीपाळीने घुसळले. बरणी स्थिर झाल्यावर वर पातळ तेलाचा थर उभा राहिला आणि खालचे पाणी निवळ झाले. काकांनी वरचा थर काढला. ओव्याचे फूल आता त्या निवळ पाण्यात, डोळ्यांना न दिसणारे, क्षाराच्या कबज्यात होते.

"आता आंबट," काका म्हणाले. "लिंबे आणवा."

"लिंबं कुठली या वक्ताला?" अप्पा म्हणाले. "आन् चिंचंनं समदं काळं हुईल."

अक्का तेव्हा अंगण झाडत होती. ती झाडता झाडताच म्हणाली, "हरभरा उभा हाय की रानात."

आमच्या भागात हरभरा घाट्यावर आला की त्याच्या पानांवर रात्रीच्या दवाबरोबर एक जहाल आंबट उतरते. त्याला आंब म्हणतात. पहाटे सूर्य येण्याआधी पिकावरून धुतलेले धोतर ओढत न्यायचे आणि ते भांड्यात पिळायचे. पोटदुखीवर घरोघरी ती बाटलीत भरून ठेवतात. अक्का दुसऱ्या दिवशी पहाटे तीन बायकांना घेऊन रानात गेली आणि दिवस वर येता येता लोटाभर आंब घेऊन आली. असे तिने नऊ पहाटा केले. तिच्या पायांची कातडी लाल होऊन सोलली, तरी दहाव्या पहाटेही ती निघालीच होती. काकांनी हात जोडून थांबवले तेव्हा थांबली.

आंब क्षारात थेंबाथेंबाने पडू लागली. निवळ पाणी प्रथम फसफसले, मग दुधासारखे पांढरे झाले, आणि त्या पांढऱ्यातून दाट थेंब एकमेकांना शोधत एकत्र आले. काकांनी ते काचेच्या वाडग्यात घेतले, पाण्याने तीनदा धुतले. वाडग्यात आता रंगहीन, दाट, चमकदार द्रव होता. शिवरात्र चार दिवसांवर आली होती.

तो द्रवही गोठेना.

पहिला दिवस गेला. दुसरा दिवस गेला. पहाटे अंगणात थंडी होती, द्रव बर्फासारखा गार होई, पण हलवला की हलत असे. मी पुन्हा डॉक्टरांकडे धावलो. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "शुद्ध झालेलं आहे, म्हणूनच हट्टी आहे. कधी कधी हे द्रव्य थंड होऊनही गोठणं विसरून जातं. तयार फुलाचा एक कण आत पडला की त्याला आठवतं." मग त्यांनी तपकिरी बाटली उलटी केली. आत शेवटचे दोन खडे राहिले होते. ते त्यांनी कागदाच्या पुडीत बांधून माझ्या हातावर ठेवले. ज्यांच्याशी पण लागला होता, तेच आपला शेवटचा साठा देत होते. मी त्यांना वाकून नमस्कार केला.

काकांनी पुडी हातात घेतली, डोक्याला लावली आणि परत माझ्या हातावर ठेवली.

"ही उघडायची नाही."

"काका, एका कणाचा प्रश्न आहे. परवा शिवरात्र."

"मी म्हणालो होतो की इथे निघेल. त्यांचा कण आत पडला तर जे गोठेल त्याची सुरुवात तिकडची. डॉक्टरांचे औदार्य मोठे आहे. ते मी मस्तकी धरतो. वाडग्यात धरत नाही."

अप्पांना राहवले नाही. "शास्त्रीबुवा, तुमी झोळी घालवनार, आन् मग मी पोट धरून त्या डाक्टरला जीभ दाखवनार!"

अक्का वाडग्याजवळ उकिडवी बसली होती. "म्हंजी याला इरजन पायजे," ती म्हणाली. "दूध किती बी चांगलं असंना, इरजनाबिगर लागत न्हाई. शास्त्रीबुवा, शेजारनीकडून इरजन आनलं म्हनून दही शेजारनीचं हुतं का?"

"दही होत नाही, अक्का. दिलेला शब्द मात्र शेजारणीचा होतो."

"बरं," ती म्हणाली. तिने वाद घातला नाही.  ती उठली, थंड पडलेल्या भट्टीपाशी गेली आणि झाकणातून बांबूची नळी उपसून काढली.

"अगं ये, काय करतीस?" अप्पा ओरडले.

"ज्या भांड्यात रोज दही लावतो, त्याच्या कडंला जरा तरी राहतंच की," असे म्हणत तिने विळ्याने नळी उभी फोडली.

आतून बांबू तेलाने काळपट झाला होता. पण जिथे नळी घागरीत वाकत होती आणि जिथे वाफ सर्वांत गार होई, तिथे, सांध्याच्या खाचेत, मिठाच्या पापुद्र्यासारखी एक पांढरी रेघ बसली होती. महिनाभराच्या मागच्या धारा तिथून वाहून गेल्या होत्या, आणि जाता जाता एवढे ठेवून गेल्या होत्या. काकांनी ते नखावर घेतले, हुंगले.  त्यांनी तो कण अक्कांच्या तळहातावर दिला.

"तुम्ही टाका."

"म्या? तुमचा पन हाय."

"तुमचे विरजण आहे."

अक्काने चिमटीत धरून तो कण वाडग्यात सोडला. कण बुडाला. आम्ही चौघे वाडग्यावर वाकलो होतो. प्रथम त्या कणाभोवती एक सुई उमटली. मग तिच्या अंगाला दुसरी, तिसरी. आणि पाहता पाहता सुयांचा फुलोरा तळाला पसरला, कडांवर चढला, आणि जे आतापर्यंत वाहत होते ते सारे एका श्वासात उभे राहिले. अप्पांनी वाडगा हातात घेतला आणि सावकाश पालथा केला. काही सांडले नाही. त्या तिखट जिभेच्या माणसाने तेव्हा फक्त "शिव शिव" एवढेच म्हटले.

महाशिवरात्रीला दुपारी काका दवाखान्यात आले तेव्हा ओसरी भरलेली होती. पौषातले साक्षीदार आले होते आणि त्यांनी आणखी माणसे आणली होती. भिवराबाई उरलेल्या दाढेसाठी खांबाला टेकून बसली होती. काकांनी खांद्यावरची झोळी काढून टेबलाच्या एका कडेला ठेवली आणि दुसऱ्या कडेला काचेची झाकणी. झाकणीत तोळाभर खडे होते. न उघडलेली पुडीही मी शेजारी ठेवली. डॉक्टरांनी ती पाहिली, माझ्याकडे पाहिले, काकांकडे पाहिले, आणि ग्रंथ उघडला.

"शास्त्रीजी, तुम्ही बुजुर्ग आहात. मगर मी रियायत करणार नाही."

"केलीत तर मी झोळी उचलणार नाही," काका म्हणाले.

डॉक्टरांनी दोन काचनळ्यांत थंड पाणी घेतले. एकीत आपल्या पुडीतला खडा सोडला, दुसरीत आमचा. दोन्ही तळाला गेले. "ही पहिली कसोटी. घट्ट असताना पाण्यापेक्षा जड." मग त्यांनी दोन्ही नळ्या गरम पाण्याच्या भांड्यात उभ्या केल्या, मध्ये उष्णतामापक ठेवला आणि खाली दिवा लावला. "आता वितळलं की ते पाण्यापेक्षा हलकं व्हायला हवं आणि वर यायला हवं. फॅरनहाइटच्या एकशे बावीस आणि एकशे चोवीस अंशांच्या दरम्यान. त्याआधी वितळलं तर त्यात भेसळ आहे."

पारा चढू लागला. शंभर. एकशे दहा.  एकशे अठरा अंशांवर काकांच्या कपाळावर घाम आला. त्यांचा हात सवयीने खांद्याकडे गेला आणि रिकाम्या खांद्यावरच राहिला. एकशे वीस. दोन्ही खडे तळाशी, धारदार, अबोल. एकशे एकवीस.

एकशे तेवीस अंशांवर डॉक्टरांचा खडा कडेने ओलावला, गोल झाला, आणि टपोरा थेंब होऊन पाण्यातून वर निघाला. त्याच्या मागोमाग, अर्ध्या श्वासाच्या अंतराने, आमचा खडाही सुटला आणि वर आला. दोन थेंब दोन नळ्यांच्या माथ्यावर शेजारी शेजारी तरंगत राहिले. त्यांत डावे उजवे सांगता आले नसते.

डॉक्टरांनी ग्रंथ मिटला. त्यांनी आमच्या झाकणीतला एक खडा स्पिरिटात विरघळवला, तो पाण्यात मिसळला, आणि सर्वांच्या देखत आधी स्वतः चूळ भरली. मग झोळी उचलून दोन्ही हातांनी काकांपुढे धरली.

"इथे निघतं," ते म्हणाले. "मी चुकलो होतो."

ओसरीवर एकच कल्लोळ झाला. अप्पा तर असे छाती काढून उभे होते की फूल त्यांच्याच पोटातून निघाले असावे. काकांनी झोळी घेतली, पण खांद्यावर घातली नाही. ते मागे वळले. गंगासागरअक्का दाराच्या बाहेर, बायकांच्या घोळक्यात पदर सावरून उभी होती.

"डॉक्टरसाहेब," काका म्हणाले, आणि त्यांचा आवाज ओसरीच्या शेवटच्या पायरीपर्यंत गेला, "आपण एकदा चुकलात. मी बारा दिवस चुकलो. क्षार माझ्या वडिलांचा, आंब या मातीची, पण हे फूल ज्या डोळ्यांना आधी दिसले ते त्या अक्कांचे आहेत. त्यांना आत येऊ द्या."

माणसे बाजूला झाली. अक्का आत आली, पण टेबलापाशी न थांबता भिवराबाईपाशी गेली, तिच्याजवळ बसली आणि पेला तिच्या ओठांना लावून दिला.

"झोंबतं का गं?" तिने विचारले.

भिवराबाईने चूळ टाकली, गाल चाचपला. "न्हाई बाई. गालफाड गार पडलं. आता काढा म्हनावं त्याला, माझी काय बी ना न्हाई."

दाढ निघाली. डॉक्टरांनी हात धुतले आणि काकांना विनंती केली की सारी कृती क्रमवार लिहून द्यावी. परगण्यातल्या इतर दवाखान्यांना ती पाठवायची होती. मी ओसरीवर बैठक मारली, कागद मांडीवर घेतला आणि बोरू शाईत बुडवला. काकांनी डोळे मिटले. मला वाटले, आता मंगलाचरण येईल.

"प्रथम माझी चूक लिही," ते म्हणाले. "वैद्य उत्तरेश्वर याने पहिली धार ठेविली व मागची गुरांना घातली. तसे कोणी करू नये."

मी लिहिले.  इतके सुरेख अक्षर मी आयुष्यात पुन्हा काढले नाही. ओवा, हंडा, नळी, आघाडा, चुनखडी, सारे क्रमाने येत गेले. अक्का पायरीवर बसून ऐकत होती. हरभऱ्यापाशी येताच तिने हात वर केला.

"पंतोजी, तिथं लिवा की, रानात जान्याआधी पायाला गोडं तेल चोळावं. आंब लई भाजते."

काकांनी मान डोलावली, आणि मी तेही लिहिले.